काच वाजली की ओढायचं

“उभ्या गाड्या मी रोज मारते, ही मला पळवायची आहे.”

ताई हे बोलली ते शोरूममध्ये, तिथल्या विक्रेत्याला. तो तिला बराच वेळ समजावत होता. कंपनीनं अशा गाड्या मोजक्याच काढल्या आहेत, पुन्हा काढणार नाही, डॅशबोर्डवर पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर हिचा नंबर कोरलेला आहे. शहाणा माणूस ही गाडी घेतो, तिच्या अंगावर कापड घालतो आणि नुसती किल्ली खिशात घेऊन हिंडतो. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि हे एक वाक्य टाकलं. विक्रेता हसला. मग त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. अंगठा होता, करंगळी होती, आणि मधे पोत्याचं तोंड शिवावं तशी शिवलेली कातडी. तो हसायचा थांबला.

ताईचा जन्म भंगाराच्या यार्डातला. बापानं यार्ड उभं केलं तेव्हा भोवती ओसाड जमीन होती. नंतर गाव वाढत वाढत कुंपणापर्यंत आलं आणि नाक दाबून तिथंच थांबलं. गाड्या मरायला यार्डात यायच्या. आधी टाकी काढायची, बॅटरी काढायची, चाकं काढायची, आणि मग क्रेननं उचलून प्रेसमध्ये ठेवायची. प्रेसला आम्ही यार्डातले कामगार जबडा म्हणायचो. त्याचा वरचा पत्रा पहिल्यांदा नुसत्या आपल्या वजनानं सुटतो, दणकन, आणि मग तेलाचा दाब येऊन त्याला सावकाश खाली रेटत नेतो. माणसाला पळायचं असेल तर पहिल्या दणक्याच्या आधी.

पण दाबण्याआधी काचा फोडायला लागतात, कारण काच पत्र्यात मिसळली की माल बिघडतो. ते काम बापानं ताईला दिलं, ती पहार उचलण्याएवढी झाली तेव्हापासून. धाकट्या भावाला, आम्ही ज्याला भाऊ म्हणायचो त्याला, दिला वरच्या केबिनमधला प्रेसचा दांडा. बापाला बोललेलं खपायचं नाही. शिट्टी नाही, बावटा नाही, हाक नाही. तोंड बंद, कान उघडे, एवढीच त्याची शाळा. ताईनं आधी पुढची काच फोडायची. ती फुटत नाही, ओल्या गोधडीसारखी लोंबते. मग बाजूच्या. मागची काच शेवटी. ती एका घावात दाणेदाणे होऊन खाली येते, धान्याचं पोतं उसवावं तशी, आणि तो आवाज जनरेटरच्या आवाजातूनही वेगळा कळतो. मागची काच वाजली की भावानं दांडा ओढायचा. बाप मेला, जनरेटर बदलला, पण ही रीत कुणी बदलली नाही.

यार्डात ताईला पाठीमागे काचफोडी म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. तिचं लग्न झालं होतं. नवऱ्यानं एकदा हात उचलला. तिनं त्याच्या स्कूटरचा दिवा फोडला, नंतर त्याचा पुढचा दात, आणि तिसऱ्या प्रहरी यार्डात येऊन कामाला लागली. बाप एवढंच म्हणाला की दिवा फोडायची गरज नव्हती, विकला गेला असता. तोच बाप जेवताना ताटलीवर चमचा वाजला तरी हातात असेल ते फेकायचा. ताईच्या भुवईवरची खूण पान्याची होती. भावाच्या कानामागची खूण कशाची, ते दोघांपैकी कुणी सांगत नसे.

ताईचा हात गेला तो एका दुपारी. तिनं एका जुन्या गाडीच्या पुढच्या आणि बाजूच्या काचा फोडल्या होत्या. मागच्या काचेवर घालायला पहार वर नेली, आणि मागच्या सीटवर तिला एक छत्री दिसली. काळी, चांगली, बांबूच्या मुठीची. पहार खाली करून तिनं फुटलेल्या खिडकीतून डावा हात आत घातला, आणि वरून जबडा आला.

आम्ही तेव्हा वजनकाट्यापाशी ट्रक भरत होतो. पत्र्यांच्या खणखणाटात आम्हाला ऐकू आली ती किंकाळी, आणि ती ताईची नव्हती, भाऊची होती. ताईच्या तोंडून आवाजच निघाला नाही. भाऊ केबिनमधून खाली पडल्यासारखा उतरला आणि एकच ओरडत राहिला, “काच वाजली होती! काच वाजली म्हणून ओढला!” जबडा वर नेला तेव्हा हात पत्र्याच्या घडीत होता, पानात मिटलेल्या किड्यासारखा. मागच्या काचेचा चुरा झालेला होता; पहारीनं झाला की जबड्यानं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

ताईलाही सांगता आलं नाही. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली की आपण फोडली नव्हती बहुतेक. चार दिवसांनी म्हणाली, पहार खाली करताना काचेला लागली असेल. नंतर तिनं ठरवूनच टाकलं की चूक तिची. छत्रीसाठी हात घालवला, असं ती स्वतःच सांगायची आणि वर हसायची. पावसाळा आला की कुणाला तरी म्हणायची, “माझी छत्री फार महाग पडली बघ.” पण त्या काचेचं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कधी कधी काम करता करता ती थांबायची आणि उजव्या हाताकडे बघत राहायची, जसं काही त्या हातानं तिच्यापासून काहीतरी लपवलेलं आहे.

भाऊनं यार्डामागची जमीन विकली आणि बहिणीपुढे उभा राहिला. म्हणाला, ताई, काय हवं ते माग. त्याला वाटलं ती घर मागेल. वहिनीला वाटलं यार्डातला वाटा मागेल, आणि तिनं दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. ताईनं गाडी मागितली. तीच, शोरूममधली पितळी पट्टीवाली.

तीच तिनं का मागितली, ते आम्हाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी त्याच कंपनीची, अशीच मोजक्यांतली एक गाडी यार्डात आली होती, जळलेली. कुणा पैसेवाल्यानं ती घेऊन तळघरात कापडाखाली ठेवली होती. एवढ्या वर्षांत ती कंपनीतून घरापर्यंत आली तेवढीच चालली. आत उंदरांनी तारा खाल्ल्या, आणि एक दिवस त्यानं पाहुण्यांना आवाज ऐकवायला म्हणून चालू केली तशी ती जागच्या जागी पेटली. ताई तिच्या काचा फोडायला गेली आणि आधी आत जाऊन बसली. करपलेल्या सीटवर बराच वेळ बसून राहिली. बाहेर आली तेव्हा पाठ काळी झाली होती. म्हणाली, “बिचारी जगलीच नाही रे. मेली तेवढी.” मग चारही काचा अशा फोडल्या, की आम्ही तिच्याजवळ गेलो नाही.

नवी गाडी आली. भाऊनं तिच्यासाठी ऑफिसच्या बाजूला खोली बांधून ठेवली होती: गुळगुळीत फरशी, लोखंडी शटर, ओल धरू नये म्हणून भिंतीत पंखा. त्याचा हिशेब त्याच्या परीनं सरळ होता. गाडी उभी राहील, किंमत वाढेल, ताईच्या हाताचं सोनं होईल. रोज सकाळी तो शटर वर करायचा आणि मऊ फडक्यानं ती पुसायचा, विशेषतः मागची काच, कारण ती उताराची होती आणि तिच्यावर धूळ बसायची. ताई इंजिन चालू करायची तेव्हा तो बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, भाऊ हातानं ऐकतो.

पण ताई गाडी चालू करून थांबायची नाही. ती निघायची.

डाव्या हातानं गिअरची मूठ धरता येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिनं कंपनीची मूठ, जिच्यावर छाप होता, ती पिळून काढली आणि भंगारातल्या ट्रकच्या स्टिअरिंगचा तुकडा कापून, वाकवून, वेल्डिंग करून तिथं कडी बसवली. त्या कडीत अंगठा अडकला की गिअर पडायचा. भाऊनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“ताई, अगं ओरिजिनल होतं ते!”

“माझी बोटंपण ओरिजिनलच होती.”

काढलेली मूठ त्यानं कचऱ्यातून शोधली, धुतली आणि कपाटात ठेवली, दुधाचा दात ठेवावा तशी.

ताई त्या गाडीतून कांद्याची पोती आणायची. ज्याला ताप आलाय त्याला घरी सोडायची. तो शेजारी इतका खाली बसलेला असायचा, की रस्त्यावरच्या लोकांना नुसती टोपी दिसायची. पण बहुतेक वेळा ती एकटीच जायची, खाणीच्या रस्त्यावर. तो रस्ता सरळ, रुंद आणि ट्रकांनी खणलेला. एकदा मी शेजारी बसलो होतो. शहाणपण असतं तर बसलो नसतो. तिनं पाय दाबला आणि छातीवर कुणीतरी गुडघा रोवला. खडी गाडीच्या पोटाखाली गोळ्यांसारखी फुटत होती. दोन्ही बाजूंचे कडे काळे पट्टे होऊन गेले. तिच्याकडे बघितलं तर ती ओठ मिटून, मान किंचित पुढे काढून बसलेली, बाप जेवायला बसला की बसायची तशी. फक्त या वेळी फेकणारी ती होती आणि फेकलेलीही तीच. थांबली तेव्हा बॉनेटवर किड्यांचा लगदा होता. म्हणाली, “बघितलंस? हिला राग येतो.” आणि गाडीच्या दारावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

एका सकाळी गाडी आली ती नाकावर रक्त घेऊन. खाणीच्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं होतं. एका बाजूचा दिवा गेला होता, जाळीत केस आणि मांस अडकलं होतं, आणि पुढचा पत्रा ओठासारखा फाटला होता. भाऊ पाण्याची नळी घेऊन धावला. धुता धुता रडायला लागला. ताई म्हणाली, अरे, जनावर मेलं त्याचं काही नाही तुला? तो पाठमोराच. वहिनी ऑफिसच्या दारातून म्हणाली, “मोठ्यानं बोला ताई, तो हल्ली दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही.” ताई पुढे झाली, नळी हिसकावली आणि मोठ्यानं म्हणाली, “धुवू नकोस. राहू दे. लागलंय ते चालवताना लागलंय.”

भाऊनं तिच्या थोबाडीत मारली.

आयुष्यात पहिल्यांदा. आवाज असा झाला, की क्रेन थांबली. ताईनं एक क्षणही वाट पाहिली नाही. तिनं डाव्या हाताची मूठ केली, त्या हाताची जेवढी मूठ होते तेवढी, आणि त्याच्या नाकावर घातली. अंगठ्याचं हाड सरळ आत गेलं. भाऊ चिखलात बसला आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त खाली आलं. ती त्याच्यावर वाकून म्हणाली, “हे हाताचे पैसे आहेत ना? मग हात जसा वापरायचा तसा मी ते वापरीन.”

तो खालूनच म्हणाला, “तू ती गाडी रोज थोडी थोडी मारतेस. तिच्यावर एक ओरखडा पडला की मला वाटतं मी पुन्हा दांडा ओढला.”

भाऊनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनं त्याला काखेत धरून उठवलं आणि त्याच्या नाकाला आपल्या ओढणीचं टोक लावलं. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. भाऊनं दिवा आणला, पत्रा बदलला, रंग असा दिला की डुकराचं नावही राहिलं नाही. त्यानंतर शटरला नवं कुलूप आलं आणि किल्ली भाऊच्या कमरेला गेली. ताईनं पहिले काही दिवस काही केलं नाही. पहार घेऊन काम करत राहिली, एका हातानं, आणि तिच्या घावांना आता अंदाज नव्हता. दार फोडायची, छप्पर फोडायची, ज्याला फोडायची गरज नाही तेही. मग कळलं, की भाऊनं गिऱ्हाईक बघितलं आहे. असल्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ. तो गाड्या चालवत नाही, नुसता ठेवतो. वहिनी म्हणाली, दोघांच्याही डोक्याची कटकट जाईल.

गृहस्थ सकाळी आला. पांढरे हातमोजे घालून त्यानं दार उघडलं, सीटवर न बसता आत डोकावला, आणि कडी बघून त्याच्या तोंडून असा आवाज निघाला जसं काही आत प्रेत आहे. भाऊनं लगेच कपाटातून कंपनीची मूठ आणून त्याच्या हातावर ठेवली. गृहस्थाचा जीव भांड्यात पडला. शटर वर होतं, गाडीची किल्ली भाऊनं दाखवायला म्हणून आत लावली होती. ताई कुठून आली ते आम्हाला कळलं नाही. ती सरळ गाडीत बसली. गृहस्थ भिंतीला चिकटला. गाडी उलटी बाहेर आली, यार्डात वळली, आणि आपल्या चारही चाकांवर चालत जबड्यात जाऊन उभी राहिली. तिथं क्रेननं उचलल्याशिवाय कुणी आलं नव्हतं. ही आपल्या पायांनी आली.

ताई उतरली. पहार घेतली आणि मागच्या काचेपाशी उभी राहिली.

“भाऊ, जागेवर बस,” ती म्हणाली, तोंड त्याच्याकडे करून, एकेक शब्द स्वच्छ. “मी मागची काच फोडते. फुटकी गाडी या माणसाला नको. मग तुझ्यापुढे दोनच गोष्टी आहेत. नेहमीसारखा दांडा ओढ आणि संपव, नाहीतर खाली ये, कुलपाची किल्ली माझ्या हातात दे, आणि मी ही चालवत घरी जाते. ठेवायची गोष्ट यापुढे नाही.”

भाऊ केबिनमध्ये चढला. वरून म्हणाला, “मी ओढणार नाही, ताई. आईशपथ. तू फोड, काय वाटेल ते कर, मी हिला हात लावणार नाही.” आणि तो खरं बोलत होता. त्याचे डोळे भरले होते. आम्ही सगळे हातातलं काम टाकून उभे होतो. गृहस्थ हातमोजे काढत होता. ताईच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं, कारण ती जिंकली होती. काच फुटली की गाडी तिची होती, कायमची.

तिनं पहार वर नेली.

यार्डात येणाऱ्या गाड्यांच्या काचा धुळीनं, शेवाळानं, पोरांनी काढलेल्या चित्रांनी आंधळ्या झालेल्या असतात. त्यांच्यात कधी कुणाला काही दिसलं नाही. ही काच भाऊनं रोज मऊ फडक्यानं पुसलेली होती. तिच्यात आभाळ होतं, क्रेन होती, आणि ताईच्या मागची केबिन होती, केबिनमध्ये भाऊ. ताईची पहार वर जाऊन थांबते न थांबते तोच काचेतल्या भाऊचा उजवा खांदा खाली गेला.

ताईनं ते पाहिलं. पहार हवेतच राहिली. ती एक पाऊल मागे सरली आणि जबडा सुटला.

दणका बसला. छप्पर आत गेलं. पितळी पट्टी, कडी, सीट, सगळं एका घडीत गेलं, आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, मागची काच दाणेदाणे होऊन ताईच्या पायांवर सांडली. भाऊनं झटक्यात दांडा वर नेला. पण जबडा वर गेला तरी गाडी वर आली नाही.

भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत होता. तो अजून दांड्यावर होता. मग त्यानं खाली बघितलं, ताईच्या डोक्यावर अजून तशीच धरलेली पहार बघितली, आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, “काच वाजली ना? ताई, वाजली होती ना काच?”

ऑफिसच्या पायरीवर वहिनी मटकन बसली. तिनं तोंडावर पदर धरला होता, त्यातून ती म्हणाली, “त्याला ऐकू येत नाही. तिचा हात गेला त्याच्याही आधीपासून येत नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता, म्हणाला मला तिचा हात वर जाताना दिसतो ना, पुरे आहे.”

ताईनं पहार खाली आणली. डावा हात वर करून चेहऱ्यासमोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं, उजव्या हाताकडे इतकी वर्षं बघत होती तसं नाही, वेगळं. मग पहार जबड्याच्या खांबाला टेकवून ठेवली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या कोनात. पायांवरचे काचेचे दाणे झटकले. भाऊ केबिनच्या शिडीवरून उतरत होता, त्याचा पाय पायरीवर लागत नव्हता, आणि तो तिला हाका मारत होता, लहानपणी मारायचा तशा. ती त्याच्यासमोरून गेली. वहिनीसमोरून गेली. वजनकाट्याचा पत्रा तिच्या पायाखाली एकदा वाजला, आणि फाटक उघडंच होतं.